उजवा हात पुढे करा

माझ्या तपासणीच्या टेबलावर खडीसाखरेची एक बरणी असते. खांदा दुखतो म्हणून कुणी आलं, की मी आधी त्याला खडीसाखर देतो. जो हात दुखतो तोच पुढे करायला सांगतो, मग तो डावा असला तरी. काही म्हातारे कुरकुरतात. डाव्या हातात गोड घ्यायचं त्यांना पटत नाही. मी हट्ट सोडत नाही. तळहात नीट वर होतो का, एवढंच मला बघायचं असतं. माझ्या या सवयीची नागपुरात थोडी थट्टाही होते. माझ्या बरोबरीचे एक डॉक्टर म्हणतात, "तुमच्याकडे बरं आहे बुवा, हाड मोडो न मोडो, तोंड गोड होतं." मी हसून वेळ मारून नेतो. सवय कुठून लागली ते सांगायचं, तर एका वर्षीच्या मार्गशीर्षातल्या आठ दिवसांबद्दल सांगावं लागतं, आणि ते मी फार थोड्या माणसांना सांगितलं आहे.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. हाडांच्या शास्त्राची परीक्षा पास होऊन मी नागपुरातल्या एका खासगी दवाखान्यात नुकताच लागलो होतो. दवाखाना एका वयस्क सर्जनचा होता. आम्ही त्यांना सर म्हणत असू. ते ओरडत नसत. चूक झाली, की तुमच्या हातातला केसपेपर शांतपणे काढून घेत आणि शेजारच्या डॉक्टरच्या हातात देत. बस, एवढंच. त्या कागद काढून घेण्याची मला इतकी धास्ती होती, की सर वॉर्डात आले की माझी बोटं कागदावर आपोआप आवळली जात.

एक्स-रेच्या फिल्म तेव्हा मागाल तेव्हा मिळत नसत. त्यामुळे दवाखान्यात एक वहिवाट पडली होती. मनगटाच्या दोन फिल्म, गुडघ्याच्या दोन, खांद्याची एक. सरांनी असा नियम कधी तोंडाने सांगितला नव्हता. टंचाईत तो पडला आणि पुढे कुणी मोडला नाही.

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातून नवरा-बायको आले. पुरुष पस्तिशीचा, काटक, उजवा हात पोटाशी धरलेला. बायकोच्या हातात पिशवी. बोलायला तिनेच सुरुवात केली.

"करंट लागला जी त्यायले. विहिरीवरच्या मोटरीचा."

"केव्हा?"

"परवा सकाळी. वल्ल्या हातानं स्टार्टर दाबलं. तिथंच चिपकले. मंग जे फेकले गेले ते थेट बांधाच्या मेरेवर."

गावात सगळ्यांनी आधी त्याच्या छातीला कान लावला होता. जीव आहे म्हटल्यावर नारळ फोडला होता. खांद्याचं कुणी मनावर घेतलं नाही. तो हसत म्हणाला, "मी सांगत होतो, खांदा दुखते, खांदा दुखते. तर हे म्हने, जीव वाचला, आता हात कायले मांगता."

"मंग काय," बायको म्हणाली. "जीवच गेला असता तर हात काय मी कोठीवर ठेवला असता?"

तो शेतमजूर नव्हता, निव्वळ शेतकरीही नव्हता. थोडी जमीन होती, पण त्याची खरी ओळख संत्र्याची कलमं करणारा अशी होती. जंबेरी या रानटी लिंबाच्या रोपाची साल जमिनीपासून वीतभर उंचीवर चाकूने चिरायची, त्या चिरेत संत्र्याच्या फांदीवरचा डोळा सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. याला तिकडे डोळे भरणं म्हणतात. थंडीत त्याचा हंगाम असतो. पौष लागला की चार नर्सऱ्यांतून त्याला बोलावणी येत. सगळं काम उजव्या हाताच्या चाकूचं.

"पौषापर्यंत हात होईन ना बरा?" त्याने मला विचारलं. पुढच्या दोन महिन्यांत हाच प्रश्न त्याने मला किती वेळा विचारला असेल, सांगता येत नाही.

मी त्याला एक्स-रेला पाठवलं. आमचा एक्स-रे काढणारा माणूस माझ्याहून वयाने मोठा होता. त्याने समोरून एक फिल्म काढली आणि दारातून डोकावून विचारलं, "साहेब, काखेतून एक घेऊ का? करंटची केस आहे."

काखेतून फिल्म घ्यायची तर हात थोडा बाजूला करावा लागतो. मघाशी मी तसं करू पाहिलं तेव्हा तो माणूस कळवळला होता. शिवाय बाहेर बाकावर पंधरा माणसं बसली होती.

"फिल्म किती उरल्यात?"

"पेटी संपत आली."

"मग राहू दे."

फिल्म ओलीच होती. मी ती उजेडासमोर धरली. हाडाचा गोळा खोबणीसमोरच दिसत होता. आणि आतल्या कडेला तांदळाच्या कणीएवढा एक तुकडा निघालेला दिसला. मला आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. ती कणी सहज सुटून जाण्यासारखी होती आणि माझ्या नजरेने ती पकडली होती. एकदा ती सापडल्यावर मी त्या फिल्मकडे बघणंच थांबवलं. आता इतक्या वर्षांनी वाटतं, मला ती कणी दिसली नसती तर बरं झालं असतं. मग हा माणूस एवढा का कळवळतो, याचं उत्तर मी शोधत राहिलो असतो.

"हाड जागेवर आहे," मी सांगितलं. "छोटीशी कणी निघाली आहे, ती आपोआप जुळेल." हात पोटाशी ठेवून झोळी बांधली. त्याला लगेच बरं वाटलं. तो तसाच हात धरून आला होता, त्यामुळे बरं वाटणारच होतं. माझ्या झोळीने त्याचं हाड जिथे अडकलं होतं तिथेच पक्कं करून ठेवलं. फिल्म त्याच्या हवाली केली, तेव्हा तीच पद्धत होती, आणि दोन आठवड्यांनी बोलावलं.

दोन आठवड्यांनी, एका सोमवारी, दोघं परत आले. म्हणजे करंट लागून सतरा दिवस झाले होते. झोळी सोडली. हात पोटावरून बाहेर वळेना. वर उचलायला सांगितलं तर तो पाठीच्या फऱ्यासकट अख्खा खांदा उचलायचा.

"भीती वाटते का अजून?" मी विचारलं.

"भ्याव नाही जी. तो फिरूनच नाही राहिला. कोनं आतून कडी लावल्यावानी वाटते."

त्याने याहून स्पष्ट कसं सांगायला हवं होतं, मला माहीत नाही. मी मनात ठरवून टाकलं, की हा घाबरट आहे, झोळीत हात ठेवून आळशी झाला आहे आणि खांदा आखडला आहे. कंपाउंडर रजेवर होता, म्हणून गोळ्या मीच मोजून द्यायला लागलो. त्याने डावा हात पुढे केला.

मी लहानपणापासून ज्या घरात वाढलो तिथे डाव्या हाताने काही घेतलं तर हातावर चापट बसे. मी सहज म्हणून गेलो, "उजवा हात पुढे करा. औषध डाव्या हाताने घेतात का?"

तो ओशाळला. बायकोही ओशाळली. "अजी, उजवा करा ना," ती हळूच म्हणाली. त्याने उजवा हात पुढे केला. तळहात आतल्या बाजूला, अंगठा वर, शेकहँडला करतात तसा. तळहात वर व्हावा म्हणून तो कमरेतून उजवीकडे झुकायला लागला, इतका की खुर्चीवरून पडतो की काय असं वाटलं. मी त्या उभ्या तळहातावर गोळ्या ठेवल्या. त्या घरंगळल्या आणि फरशीवर पसरल्या. बायको खाली वाकून एकेक वेचू लागली.

मी पाहत होतो. माझ्या दोन फुटांवर, भर दिवसा, त्याच्या हाताने मला निदान सांगितलं होतं, आणि मला त्यात फक्त गबाळेपणा दिसला.

बायकोला मी सांगितलं, "रोज सकाळी गरम पाण्याने शेका आणि हात बाहेर ओढून फिरवा. ओरडला तरी सोडायचं नाही."

"लय दुखते जी त्यायले."

"दुखणारच. दुखल्याशिवाय सुटत नाही."

जाताना तो तिला म्हणाला, "घे, डॉक्टरनं तुयाच हाती देल्लं मले. काढ आता सगळे बदले." ती हसली नाही. ते गेल्यावर केसपेपरवर मी लिहिलं : रोगी सहकार्य करत नाही.

त्याच आठवड्यात मार्गशीर्षातला गुरुवार होता. संध्याकाळी आईची पूजा झाली. मी खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. आई वाटीतून शिरा घेऊन आली. पेपर उजव्या हातात होता म्हणून मी डावा पुढे केला.

"डॉक्टर झाला म्हणजे रीत विसरला का रे? उजवा कर."

मी पेपर खाली ठेवला, उजवा हात पुढे केला आणि तळहात वर केला. तेवढंच. पण तळहात वर होताना माझ्या खांद्यात काहीतरी सरकन फिरलं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. डाव्या हाताने मी खांदा चाचपला. पुन्हा तळहात खाली केला, वर केला. हाडाचा गोळा फिरत होता. तो फिरतो म्हणून तळहात वर होतो. माझ्या डोळ्यांसमोर त्या गोळ्या पुन्हा एकदा फरशीवर घरंगळल्या.

"घे की, काय खांदे चाचपून राहिला?" आई म्हणाली.

मी शिरा तोंडात टाकला आणि कपाटातून पुस्तक काढलं. पान सापडायला वेळ लागला नाही. करंट लागला किंवा फीट आली, तर खांद्याचे सगळे स्नायू एकदम आवळतात आणि गोळा मागच्या बाजूला निसटतो. समोरच्या फिल्ममध्ये तो जागेवर असल्यासारखा दिसतो. फक्त त्याचा आकार बदलतो. एरवी काठीच्या मुठीसारखा दिसणारा गोळा विजेच्या दिव्यासारखा वाटोळा दिसतो. पुढच्या कडेची कणी निघते. खोबणीची धार गोळ्यात रुतून खळगा पडतो. हात बाहेरच्या बाजूला वळत नाही, तळहात वर होत नाही. पुष्कळदा हे निदान हुकतं. या शेवटच्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. माझीच, परीक्षेच्या वेळची.

हे सगळं मला गुरुवारी कळलं. करंट लागून वीस दिवस झाले होते. तीन आठवड्यांच्या आत असेल तर रोग्याला भूल देऊन, न फाडता, गोळा परत बसवता येण्याची आशा असते, हेही त्याच पानावर होतं. म्हणजे माझ्या हातात एक दिवस होता.

शुक्रवारी सकाळी मी केसपेपर घेऊन सरांच्या खोलीपर्यंत गेलो. सर टेबलावर वाकून काही लिहीत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय?"

"काही नाही, सर."

मी परत आलो आणि कागद माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तो रेकॉर्डच्या खोलीत जायला हवा होता.

पुढचे दिवस मी स्वतःशी काय काय बोललो, ते लिहायची लाज वाटते. निदान नक्की कुठे आहे? फिल्म त्यांच्या घरी आहे, ती पुन्हा पाहिल्याशिवाय कसं सांगणार? तो पंधरा दिवसांनी येणारच आहे, तेव्हा बघू. एवीतेवी तीन आठवडे उलटलेच, आता घाई करून काय? यातलं प्रत्येक कारण ऐकायला शहाणपणाचं होतं. शनिवारी मी पोस्टकार्ड लिहिलं : "ताबडतोब नागपूरला या." मग आठवलं, की खेड्यात कार्ड पोस्टमनच वाचून दाखवतो. अख्ख्या गावाला कळणार, डॉक्टरचं काहीतरी चुकलं. बंद पाकीट मिळत होतं. पोस्ट दवाखान्यापासून चार पावलांवर होतं. कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात राहिलं आणि शर्ट बदलला की मी ते नव्या खिशात ठेवत होतो.

सगळ्यात वाईट वेळ सकाळची. आठ वाजले, की मला वाटे, आता तिने पाणी तापवलं असेल. आता ती हात ओढत असेल. तो ओरडत असेल आणि ती सोडत नसेल, कारण सोडायचं नाही असं मीच सांगितलं होतं. गोळ्यातला खळगा रोजच्या ओढाताणीने कुरतडला जात असेल. मी दाढी करता करता थांबत असे.

मंगळवारी एक्स-रेवाल्याने विचारलं, "तो करंटवाला आला का परत?"

"का?"

"सहजच. तेव्हा काखेतून घ्यायला पाहिजे होता, असं आपलं वाटत राहिलं."

"तुम्ही विचारलं होतं," मी म्हणालो.

"विचारलं होतं. पण पेटी संपत आली, हेही मीच सांगितलं ना." तो ओल्या फिल्म दोरीला अडकवत राहिला. त्याच्याकडे बघून मला कळलं, की ज्याची चूक नव्हती तोही बेचैन होता, आणि त्याने ते बोलून तरी दाखवलं होतं.

पुन्हा गुरुवार आला. आईने प्रसाद पुढे केला. माझा हात वर होईना. आई थांबली. मग मी तिला सगळं सांगितलं, पोस्टकार्डासकट. आईला खांद्यातलं काही कळत नव्हतं. तिने वाटी खाली ठेवली.

"ती बाई अजून हात ओढून राहिली असेल?"

"हो."

"मग तू इथं काय करून राहिला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांसमोर उभा राहिलो. त्यांनी कागद घेतला. माझी ओळ वाचली. मी वाट पाहत होतो, की आता ते तो दुसऱ्याला देतील. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"अठ्ठावीस."

"तुझ्या केव्हा लक्षात आलं?"

"काल संध्याकाळी, सर."

हे उत्तर माझ्या तोंडून इतकं सहज निघालं, की मलाच आश्चर्य वाटलं. गुरुवारीच कळलं होतं, फक्त तो गुरुवार आदला होता.

सर म्हणाले, "आठवडाभर आधी कळलं असतं तर भूल देऊन बसवून पाहिलं असतं. आता उघडावं लागेल. जा, तू स्वतः घेऊन ये." आणि कागद माझ्याच हातात परत दिला. त्यांनी तो माझ्याकडून काढून घेतला असता, तर मला हलकं वाटलं असतं.

काटोलमार्गे जाणाऱ्या एसटीत मला उभं राहूनच जावं लागलं. फाट्यावर उतरून दीड-दोन मैल चाललो. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या आणि कुठेतरी मोटर चालू होती. त्या मोटरीचा आवाज ऐकताना मला एकच वाटत होतं, की तो घरी नसावा. नागपूरच्याच दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलेला असावा.

तो घरीच होता. अंगणात खाटेवर आडवा पडलेला. बायको शेजारी बसून, त्याचा कोपर स्वतःच्या गुडघ्याने दाबून धरून, मनगट बाहेर ओढत होती. त्याच्या तोंडात पंच्याचा बोळा होता. मला पाहून त्याने तो काढला.

"घ्या," तो म्हणाला, "मास्तर आले अभ्यास तपासाले."

"सोडा," मी म्हणालो. "सोडा तो हात."

तिने सोडला आणि पदराने स्वतःचे डोळे पुसले. मी त्याला बसवलं आणि पहिल्यांदाच त्याच्या खांद्याला मागून हात लावला. पुढे पोकळ लागलं आणि मागे हाडाचा गोळा बोटांना स्पष्ट लागला.

"आतापर्यंत मागून कोनं पाह्यलंच नाही," तो म्हणाला.

फिल्म तिने कोठीमागून आणली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी ती आभाळाकडे धरली. विजेच्या दिव्यासारखा वाटोळा गोळा त्यात होता, पहिल्या दिवसापासून.

"खांदा मागे निसटलेला आहे," मी सांगितलं. "ऑपरेशन करावं लागेल."

"केव्हा निसटला?"

"करंट लागला तेव्हाच."

"मंग प्लेटीत नाही दिसला?"

"समोरून कधीकधी दिसत नाही."

हे खोटं नव्हतं. पुस्तकातही असंच लिहिलं होतं. बायको म्हणाली, "बरं झालं बाप्पा तुमी आले. एवढ्या दूर कोन येते कोनासाठी." तिने माझ्यासाठी चहा ठेवला. मी तो प्यालो.

नागपुरात एक्स-रेवाल्याने मला न विचारता काखेतून फिल्म काढली. गोळा खोबणीच्या मागच्या धारेवर अडकला होता. बायकोने ती फिल्म पाहून विचारलं, "हे एवढं साफ दिसते?" मी हो म्हणालो आणि विषय बदलला.

ऑपरेशन सरांनी केलं. मी समोर उभा राहून मदत केली. गोळ्यातला खळगा अपेक्षेपेक्षा मोठा होता, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. सरांनी बोटाने तो चाचपला.

"याला कुणी ओढून मालीश केलंय?"

"व्यायाम मीच सांगितला होता, सर."

सरांनी पुढचं हत्यार मागितलं. गोळा जागेवर आणला, आणि पुढचा स्नायू त्या कणीसकट उचलून खळग्यात बसवला, म्हणजे धार पुन्हा तिथे रुतू नये. मग हात बाहेरच्या अंगाला ठेवून प्लास्टर घातलं. पौष त्या प्लास्टरमध्येच गेला. चारही नर्सऱ्यांनी दुसरी माणसं पाहिली. तो वॉर्डात शेजारच्या रोग्यांना डोळे कसे भरतात ते डाव्या हाताने हवेत करून दाखवायचा.

हात पूर्ण बरा झाला नाही. तळहात वर होऊ लागला, घास तोंडापर्यंत जाऊ लागला. पण हात डोक्यावर कधीच गेला नाही. शिडीवर चढून संत्री तोडणं संपलं. सदरा घालताना बायको लागायची. पुढच्या वर्षी तो पुन्हा कलमं करायला बसला, कारण ते काम जमिनीलगतचं असतं. त्या कामासाठी हात उचलावा लागत नाही, हे त्याचं नशीब. त्यात माझं काही नव्हतं.

आणि मग सुरू झाली त्याची कृतज्ञता. काटोल-नरखेडकडून माझ्याकडे रोगी येऊ लागले. प्रत्येकाची सुरुवात एकच. "त्यायनं पाठवलं जी. म्हने, डॉक्टर सोताहून यष्टीनं घरी आले, म्हनून हात वाचला." मी पुढे स्वतःचा दवाखाना काढला, तेव्हा पहिल्या वर्षी निम्मे रोगी त्या गोष्टीवर आले. ती गोष्ट माझ्या भिंतीवरच्या पदव्यांपेक्षा जास्त कामाची ठरली. सर गेले. त्यांना तो आदला गुरुवार कधी कळला नाही. त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा दोनदा सांगायचं ठरवलं होतं. दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो.

आठ-नऊ वर्षांनी, एका पौषात, एका खांद्यावरून पुन्हा सगळं वर आलं. फीट येऊन पडलेला एक विद्यार्थी होता. त्याला खडीसाखर दिली, तळहात वर झाला नाही. काखेतून फिल्म काढली आणि त्याच दिवशी खांदा बसवला. घरचे लोक माझे आभार मानू लागले आणि मला ते ऐकवेना. पुढच्या रविवारी मी एसटीने त्या गावी गेलो.

तो नर्सरीत रोपांच्या ओळीत बसला होता. गुडघ्याशी भिजवलेल्या पोत्यात फांद्या होत्या. बायको मागून पट्ट्या बांधत येत होती.

"या," तो म्हणाला. "काहून असे न सांगता आले? कोनाची तब्येत?"

मी त्याच्यासमोर मातीत बसलो आणि सांगितलं. पहिल्या फिल्ममध्येच दिसत होतं. काखेतून एक घ्यायची होती, मी घेऊ दिली नाही. गोळ्या पडल्या तेव्हा कळायला हवं होतं. आणि कळलं त्याच्यानंतर मी आठ दिवस बसून राहिलो.

त्याने हातातला डोळा चिरेत सरकवला. अंगठ्याने दाबून धरला. मग विचारलं, "आठ दिवस काहून थांबले?"

"घाबरलो होतो."

"कोनाले?"

"सरांना. तुम्हाला. लोक काय म्हणतील त्याला."

"त्या आठ दिवसांत आलो असतो तर फाडा लागलं नसतं?"

"कदाचित. नक्की नाही सांगता येत. पण कदाचित."

त्याने चाकू पोत्यावर ठेवला. मागे पट्टी बांधायचं थांबलं होतं. बायको उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"त्यायचा हात मी दाबत होती," ती म्हणाली. "तुमच्या सांगन्यावरून. त्यायच्या तोंडात पंचा कोंबून दाबत होती. शेजारची बाई म्हने, मारून टाकशीन वं नवऱ्याले. मी म्हनलं, डॉक्टरनं सांगतलं हाये."

मी मान खाली घातली.

"हे तवाच सांगाले पाह्यजे होतं," ती म्हणाली आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. त्या दिवशी चहा झाला नाही. तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला, पण वाटेत फक्त थंडीबद्दल बोलला.

त्यानंतर त्या बाजूचं कुणी आलं नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. बाकावर कुणी वऱ्हाडी बोललं, की मी मान उंचावून पाहत असे. काटोलचे नसत, नरखेडचे नसत. मला वाटलं, गोष्ट आता दुसऱ्या शेवटासह सांगितली जात असेल, आणि तोच खरा शेवट आहे.

सव्वा वर्षाने एक म्हातारी आली. विहिरीच्या पायऱ्यांवरून पडलेली, खांदा सुजलेला, सोबत सून. सुनेने गावाचं नाव सांगितलं. तेच गाव. मी बरणीकडे हात नेला. त्याआधीच म्हातारीने दुखरा हात पुढे केला, दात आवळून, आणि तळहात वर करून माझ्यासमोर धरला.

"हे काय?" मी विचारलं.

सून म्हणाली, "कलमवाल्या भाऊनं सांगतलं. म्हने, गेल्या गेल्या पहिले डॉक्टरले तळहात दाखवजा. अन् प्लेट काखेतून घ्याले लावजा. नाही घेतली तर उठून याजा."

तो त्याचा विश्वास होता की अविश्वास, हे मला आजही ठरवता येत नाही. म्हातारीचा तळहात पुरा वर झाला होता. मी त्यावर खडीसाखरेचा खडा ठेवला, तिच्या खांद्याला पुढून आणि मागून हात लावून पाहिला आणि एक्स-रेच्या चिठ्ठीवर दोन फिल्म लिहिल्या.